साठवण

"तुमची बीजं आता साथ देणार नाहीत," मोठे डॉक्टर मला म्हणाले, पण म्हणताना बघत होते माझ्या नवऱ्याकडे. गॅरेजवाला गाडीबद्दल मालकाशी बोलतो, तसं. "दुसऱ्या बाईचं बीज घेऊ या. तरुण, तपासलेलं. यांच्या बाजूचं तर सगळं उत्तमच आहे, तेव्हा यश यायला हरकत नाही."

नवऱ्याने मान हलवली. डॉक्टरांचा राग आला तो आलाच, पण खरी तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या मान हलवण्याने. मी अजून आवंढाही गिळला नव्हता आणि हा माझं बीज कायमचं बाद करून मोकळा झाला होता. सहीचे कागद पुढे सरकवले गेले. मी म्हटलं, घरी नेऊन वाचते. डॉक्टर म्हणाले, फार दिवस लावू नका, वय थांबत नाही. हे मला आजवर कोणी सांगितलेलंच नव्हतं असं त्यांना वाटत असावं.

यांच्या बाजूचं सगळं उत्तम. टेस्ट ट्यूबचे तीन प्रयत्न फसले, तिन्ही वेळा हेच वाक्य मी ऐकलं. माझ्या बाजूचं काय काय झालं ते ऐका. नळ्यांमध्ये रंग सोडून फोटो काढले. पोटाला भोकं पाडून आत दुर्बीण घातली. सुयांनी पोटाची चाळण केली. गोळ्यांनी तोंड सुजलं तेव्हा कामावरच्या बायका लाडात येऊन विचारायच्या, काय, गोड बातमी का? रक्त काढणारी मुलगी तर मला चेहऱ्यापेक्षा दंडावरून ओळखायला लागली होती. आणि नवऱ्याची तपासणी? एक डबी, एक बंद खोली आणि बाहेर आल्यावर शाबासकी. "आकडा पंचविशीतल्या पोरासारखा आहे," असं डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हा बसल्या खुर्चीत दोन इंच वाढला. शुक्रपेशींची हालचाल जरा मंद आहे, असंही ते म्हणाले होते, पण जाता जाता, आणि आकड्याच्या कौतुकात ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी पंपांच्या कारखान्यात तक्रार विभागात काम करते. पंप पाणी ओढत नाही अशी तक्रार आली की पंप उघडायच्या आधी आम्ही विचारतो, टाकीत पाणी आहे का? निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. इथे पंपाचा नटन् नट सुटा करून झाला होता आणि टाकीचं झाकण उघडायला कोणी तयार नव्हतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, तसं. फरक इतकाच की पखालीला निदान दुखत तरी नाही.

घरी ही बातमी कळली तेव्हा सासरे नुकतेच व्यायामशाळेतून आले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. सत्तरीला टेकले तरी रोज जोर काढतात, पोरांना वजनं उचलायला शिकवतात आणि त्याहून जास्त संयम शिकवतात. अंगातलं तेज सांडू नका, साठवा, हे त्यांचं पालुपद. ऐकणारी पोरं माना खाली घालून हसतात, पण त्यांच्यासमोर हसायची कोणाची छाती नाही.

"मग घ्या की दुसरीचं बीज," मास्तर टॉवेलने मान पुसत म्हणाले. "रक्त आपलंच राहणार आहे. झालं तर."

आपलं म्हणजे त्यांचं. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचा फोन आला. "ताई, मास्तर म्हणाले तुझ्यात दोष निघाला. खरं का?" म्हणजे माझ्या पोटातली बातमी माझ्या माहेरी माझ्या आधी पोचली होती. सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या एकूणच कमी बोलतात. त्या घरात बोलायचं काम मास्तरांकडे आहे.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. प्रत्येक प्रयत्नाच्या आधी महिना-दीड महिना नवरा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायचा. "तुला सुयांचा त्रास, नीट झोप मिळू दे," म्हणायचा. पहिल्या खेपेला मला ती माया वाटली. दुसऱ्या खेपेला सुया सुरू व्हायच्या कितीतरी आधीच तो उशी घेऊन निघाला. तिसऱ्या खेपेला मी आरशात पोटावरचे काळेनिळे डाग बघितले आणि समजून गेले, याला आपली किळस येते. एकदा मी धीर करून जाऊन त्याच्या पायाशी बसले. तो दचकून उठला आणि म्हणाला, "नको. आत्ता नको." आत्ता नाही तर कधी, हे मी विचारलं नाही. असलं काही बाईने विचारायचं नसतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी मी शिकले होते.

कागदांवर सही करायची राहिली होती तेवढ्यात लॅबमधून फोन आला. वीर्याच्या नमुन्यातून पेशी वेगळ्या काढल्या की मागे जे पाणी उरतं ते एरवी टाकूनच देतात. लॅबच्या बाई, त्या स्वतः डॉक्टर, नेमका त्या पाण्याचा अभ्यास करत होत्या. त्यावरून उपचाराच्या यशाचा काही अंदाज येतो का, हे त्यांना बघायचं होतं. मागच्या खेपेला आमची परवानगी घेतली होती. मी ते विसरूनही गेले होते. "दोघंही या," त्या फोनवर म्हणाल्या.

त्यांची खोली म्हणजे दोन फ्रीज, एक घरघरणारं यंत्र, आणि उरलेल्या जागेत टेबल. खुर्ची एकच रिकामी होती. मी बसले, नवरा उभा राहिला. बाईंना गोड प्रस्तावना येत नव्हती, त्यामुळे त्या मला लगेच आवडल्या.

"पेशी सगळेच मोजतात," त्या म्हणाल्या. "पेशी ज्यात पोहतात ते कोणी बघत नाही. त्यात साखर असते, झिंक असतं, एन्झाइम्स असतात. कुठली ग्रंथी किती काम करते ते त्यावरून कळतं. शिवाय पेशींना गंज चढू नये म्हणून त्यात संरक्षण असतं. तेही मोजता येतं. यांच्या नमुन्यात ते जवळजवळ संपलेलं आहे. पेशींच्या डीएनएला तडे गेलेत. आणि बाकीचं, म्हणजे साखर, एन्झाइम, सगळं प्रमाणाबाहेर जास्त."

"जास्त म्हणजे चांगलंच ना?" नवऱ्याने विचारलं.

"तीन दिवसांच्या मानाने जास्त. तुम्ही दर वेळी तीन सांगितलंय, म्हणून विचारते. शेवटचं वीर्य बाहेर पडल्यावर किती दिवसांनी नमुना दिला होता?"

"तीन," नवरा म्हणाला.

"दीड महिना," मी म्हणाले.

दोन्ही उत्तरं एकदमच टेबलावर पडली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "आणि एकट्याने? मधे कधी?"

नवऱ्याने नाही म्हणून मान हलवली. या खेपेला मान हलवायला त्याला बराच वेळ लागला.

"मग हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी मला विचारलं.

"मला कोणी विचारलं?"

माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. चढला तर चढला. तो प्रश्न दर खेपेला त्याला एकट्याला विचारला होता, खिडकीपाशी, डबी हातात देताना. माझी पाळी, माझं वजन, माझी झोप, लहानपणी मला गोवर आला होता का, माझ्या मावशीला मुलं किती, सगळं विचारून झालं होतं. माझ्या अंथरुणात काय चाललंय हे मात्र मला सोडून विचारलं होतं.

बाईंनी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाल्या, "फार दिवस साठून राहिलं की आकडा फुगतो, पण माल शिळा होतो. तुमचे तिन्ही प्रयत्न यानेच गेले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. अभ्यास अजून चालू आहे. तुमची बीजंही कमी आहेत, ते खोटं नाही. पण बीज बदलायच्या आधी हे बदलून बघा. यात कोणाला सुई टोचावी लागत नाही."

आम्ही जिन्यात आलो. लिफ्ट होती, पण नवरा लिफ्टच दुरुस्त करतो आणि दुसऱ्यांच्या लिफ्टवर त्याचा भरवसा नाही. दोन जिने उतरून तो थांबला. मग म्हणाला, "बाबांनी सांगितलं होतं."

चाळिशीला टेकलेला माणूस, हाताखाली माणसं असलेला, आणि बाबांनी सांगितलं होतं. मास्तरांनी सांगितलं होतं की दीड महिना साठव, एकदाच दे, पण ताकदीचं दे. खिडकीवर त्यांना तीन ऐकायचं असेल तर तीन सांग, डॉक्टर लोकांना घाई असते. आणि याने ऐकलं. एकदा नाही, तीनदा. दरवेळी मी आत टेबलावर पाय बांधून पडले होते आणि हा बाहेर आपल्या दीड महिन्याच्या तपाचं फळ खिडकीतून देत होता.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरांना सांगितलं असतंस."

एवढं मात्र त्याला बरोबर कळलं होतं.

"मला वाटलं तुला माझी किळस येते," मी म्हणाले. "मी दिवा मालवून कपडे बदलत होते. स्वतःच्या खोलीत. तुला दिसू नये म्हणून."

"छे गं, उलट मला तर…" तो म्हणाला आणि कठड्याला धरून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. माझ्या पर्समध्ये रुमाल होता, पण मी काढला नाही.

पुढचे दोन महिने बाईंनी सांगितलं तसं केलं आणि दोनच दिवसांच्या अंतराने नवा नमुना दिला. आकडा निम्म्यावर आला, त्याबरोबर नवऱ्याचा चेहराही. पण हालचाल सुधारली, तडे कमी झाले, पाण्यातलं संरक्षण वाढलं. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." माझी चार वर्षं त्यांना इंटरेस्टिंग वाटली. माफी वगैरे काही नाही. माझ्याच बीजावर आणखी एक प्रयत्न करायला मात्र ते कसेबसे तयार झाले. शेवटचा, असं बजावून. बीजं कमी होत चालली होती, तेव्हा जे करायचं ते येत्या पाळीलाच.

त्या दोन महिन्यांतली एक संध्याकाळ सांगते. नवरा उशी घेऊन आत आला. चेहऱ्यावर औषध घ्यायला आलेल्या माणसाचा आज्ञाधारकपणा. "दोन-दोन दिवसांनी रिकामं व्हायला सांगितलंय ना," म्हणाला. मी त्याला उशीसकट परत पाठवलं. म्हटलं, रिकामं व्हायला सांगितलंय, कुठे ते नाही सांगितलेलं. बाथरूमला आतून कडी आहे. इतकी वर्षं मी तुझ्या साठवणीच्या आड येत होते आणि आता काय, मी मोरी आहे? तो गेला. नंतर मलाच रडू आलं, कारण मला तो हवा होता. पण असा नको होता.

माझी अट एकच होती. मास्तरांना त्याने सांगायचं. माझ्या भावाला, व्यायामशाळेतल्या पोरांना, पाहुण्यारावळ्यांना माझा दोष सांगून झाला होता. तो दोष डोक्यावर घेऊन मी शेवटचा प्रयत्न करणार नव्हते. यश आलं तर मास्तरांच्या साठवणीचं आणि नाही आलं तर माझ्या बीजाचं, हा हिशोब मला मान्य नव्हता. नवरा म्हणायचा, सांगतो. उद्या सांगतो. आज त्यांची पाठ धरलीय. आज त्यांच्याकडे लोक आलेत. विषय निघाला की हा तोंडात मिठाची गुळणी धरायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

पाळी आली. पहिली सुई घ्यायचा दिवस उजाडला. मी त्याला सकाळी सांगितलं, "आज जेवताना सांगितलं नाहीस तर सुई फ्रीजमध्येच राहील."

"यात तुझंच नुकसान आहे," तो म्हणाला.

खरं होतं. मला ते मूल हवं होतं, माझं, माझ्या बीजाचं. इतकं हवं होतं की दुकानाच्या काचेत लहान मोजे दिसले तरी मी रस्ता बदलायचे. हा महिना गेला तर पुढच्या महिन्यात काही उरलेलं असेल याची खात्री नव्हती. सगळं माहीत होतं. तरी मी म्हटलं, राहील म्हणजे राहील.

संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. सुईची डबी मी माझ्या ताटाशेजारी ठेवली. सासूबाई वाढत होत्या. त्यांनी डबी बघितली आणि पुढचं ताट वाढायला घेतलं. मास्तर एका पोराबद्दल सांगत होते, वजन उचलता उचलता कसा बसला, संयम नाही, रात्री जागतो, अंगात काही उरतच नाही. नवरा घास चिवडत होता. मी घड्याळाकडे बघितलं, मग डबीकडे, मग त्याच्याकडे.

"बाबा," शेवटी तो ताटाकडे बघत म्हणाला, "हिच्यात दोष आहे म्हणत होतो ना आपण. तसं नाहीये. ते साठवायचं… त्याने खराब होतं. लॅबमध्ये निघालं. माझंच खराब होतं."

मास्तर हसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"डॉक्टरांना काय कळतंय," ते म्हणाले. "अरे, मी स्वतः केलंय. तुझ्या वेळेला. दोन-दोन महिने हिच्याजवळ फिरकत नव्हतो. लग्नानंतर आठ वर्षं लागली, पण झालास की नाही? या गोष्टी घाईने होत नसतात."

माझ्याकडे एक चांगलं धारदार वाक्य तयार होतं, बरेच दिवस घासून ठेवलेलं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सासूबाईंच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला.

"आठ वर्षं," त्या म्हणाल्या.

"हो, आठ. त्याचं काय?"

"तुम्ही साठवत होतात?"

"अगं, तुला तेव्हा सांगून कळलं नसतं…"

"मला वाटलं, तुमचं बाहेर कोणीतरी आहे." सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "आठ वर्षं तुमच्या आईने मला वांझ म्हटलं. बायका आपली पोरं माझ्या मांडीवरून उचलून घ्यायच्या. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. माझं पोट दोनदा फाडलं. काही सापडलं नाही, तरी तुम्ही म्हणालात, हिच्यातच काहीतरी असणार. आणि तुम्ही साठवत होतात."

"जुनी मढी कशाला उकरतेस? झालं ना शेवटी?"

"कधी झालं? तुम्ही नाद सोडलात तेव्हा. आता काही होत नाही म्हणालात, आणि इतर माणसांसारखे वागायला लागलात. त्या वर्षी झाला हा."

मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना बोलायला काही सापडलं नाही असं मी पहिल्यांदा बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी सासूबाईंकडे बघत होते, आणि माझा राग त्यांच्या रागापुढे कालचा वाटत होता.

"आई, जाऊ दे ना," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. त्यांनी मला अंधारात ठेवलं, पण तू तर रोज डोळ्यांनी बघत होतास हिला."

त्या उठल्या. ताट अर्धवट, हात तसाच. मोरीवर जाऊन हात धुतला, पदराला पुसला आणि येऊन माझ्या ताटाशेजारची डबी उचलली. "चल आत. कुठे टोचायची असते ते दाखव."

माझी अट पुरी झाली होती की नाही, कोण जाणे. नवरा बोलला होता, पण ताटाशी बोलला होता. मास्तरांनी काही परत घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हते. पण आता सुई न घेणं म्हणजे आठाच्या पुढे आणखी एक वर्ष मास्तरांच्या पदरात घालण्यासारखं होतं. मी उठले.

आत मी पलंगावर बसले, औषध भरून दिलं, पोटाची चिमूट धरली. डागांवर दिव्याचा उजेड पडला आणि मी ते झाकले नाहीत. सासूबाईंनी आयुष्यात कोणाला सुई टोचली नव्हती. सुई त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरली होती. मला आधी वाटलं भीती आहे. मग त्यांचं तोंड बघितलं तर ती भीती नव्हती.

"दुखलं तर ओरड," त्या म्हणाल्या. "मी दोन्ही वेळा ओरडले नाही. चांगल्या घरची सून ना मी."

सुई गेली. तशी ती फारशी दुखत नाही, मला आता सवय आहे. तरी मी ओरडले, बाहेर ताटावर बसलेल्या दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझ्या आवाजात सासूबाईंचा आवाज मिसळला, आणि मी थांबले तरी त्यांचा थांबेना.